वाढत्या अंगाचं चिलखत

"जॅकेट थोडं मोठं होतं बाबा, बट इट्स फाइन," असं सोनल फोनवर म्हणाली आणि लगेच नर्सिंगच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली. माझ्या बायकोने, कांताने, परीक्षेबद्दल ऐकलं. मी जॅकेटपाशीच थांबलो.

हे थंडीचं जॅकेट असतं तर मीही पुढे गेलो असतो. हे गोळी अडवणारं जॅकेट होतं. आमची सोनल, वय बावीस, उंची पाच फूट एक इंच, गेल्या दोन वर्षांपासून ओहायोच्या नॅशनल गार्डमध्ये आहे. तिथे माणूस महिन्यातून एक शनिवार-रविवार सैनिक असतो, एरवी आपापल्या कॉलेजात किंवा नोकरीत असतो आणि बोलावणं आलं की पूर्ण वेळ फौजी होतो. सोनल त्यांची मेडिक, म्हणजे जखमींना जागेवरच सांभाळणारी. बोलावणं आलेलं होतं. दोन महिन्यांनी तिचं युनिट नऊ महिन्यांसाठी परदेशी निघणार होतं. कुठे, ते तिला सांगता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं.

माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो आणि त्यावर आमचं घर चालतं. तेव्हा "थोडं मोठं आहे, पण चालेल" हे वाक्य माझ्या कानावर पडलं की माझ्या डोक्यात आपोआप लाल दिवा लागतो. जे चालेल म्हणतात, ते नेमकं नको त्या दिवशी चालत नाही, हा माझा अनुभव आहे.

"तुम्ही नका त्यात पडू," कांता म्हणाली. "सैन्य आहे ते. त्यांना समजत असेल ना."

"मोठ्या जॅकेटमध्ये फट राहते."

"हवालदाराचा मुलगा ना तुम्ही? काहून एवढं घाबरता?"

हा घाव वर्मी बसला. माझे वडील महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. त्यांनी मला नागपूरला इंजिनियरिंगला घातलं ते याचसाठी, की मी बसून काम करावं. मी इतक्या मनापासून बसलो की पुढच्या पिढीला उभं राहावंसं वाटलं.  मी संग्रामकडे गेलो.

संग्राम आमच्या समोरच्या घरात राहतो. मूळचा साताऱ्याकडचा, त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि तो एकटा जावामध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या. ही खंत त्याने ओहायोत येऊन वस्तूंनी भरून काढली आहे. त्याच्याकडे रीतसर परवान्याचं पिस्तूल आहे, नेमबाजीच्या एका रेंजची मेंबरशिप आहे आणि गॅरेजमध्ये हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे, गॉगल आणि असंख्य छोट्या पिशव्या आहेत. त्याची गाडी बाहेर बर्फात उभी असते.

"काका, बरं झालं माझ्याकडे आलात," तो म्हणाला आणि माझ्यासमोर चहाऐवजी दोन काळ्या पाट्या ठेवल्या. पोळपाटाएवढ्या, पण उचलायला गेलो तर वरवंट्यासारख्या जड. "ह्या प्लेट्स. सिरॅमिक. एक छातीवर, एक पाठीवर. जॅकेट म्हणजे नुसती ह्यांची पिशवी. खरा खेळ प्लेट कुठे बसते याचा. गळ्याच्या खालची खळी आहे ना, तिथून प्लेट सुरू झाली पाहिजे. दोन इंच खाली सरकली तर हृदय उघडं."

हे ऐकून माझंच हृदय दोन इंच खाली सरकलं.

"मग तिला बरोबर मापाचं घेऊन देतो," मी म्हणालो.

संग्रामने यावर दीड तास मार्गदर्शन केलं. त्यातलं मला एवढंच आठवतं की जॅकेटच्या मानेमागे जी कडी असते ती खुंटीला अडकवण्यासाठी नसते, तर जखमी माणसाला धरून ओढत नेण्यासाठी असते. ते ऐकल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही.

खरी अडचण मापाची होती. सोनलला विचारलं असतं तर ती "बाबा, प्लीज डोन्ट" म्हणाली असती. पण मायलेकी उंचीने सारख्या. कांता पोळ्या करत असताना मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मागे उभा राहिलो.

"काय चाललंय?"

"गळ्याच्या खळीपासून बेंबीपर्यंत किती भरतं ते पाहतोय."

लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या बाईने यावर जी नजर टाकायला हवी ती कांताने टाकली, पण हात वर करून उभी राहिली. एका हातात लाटणं होतं. माप भरलं आणि मी ऑर्डर द्यायला बसलो.

कंपनीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: आपल्याला कधी गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? आमच्या घरात असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ विचार केला. अग्निशामक नळासमोर गाडी लावल्याबद्दल एकदा पावती फाटली होती, ती यात धरतात का, हे कळेना. शेवटी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने फार सौजन्याने सांगितलं की ते यात धरत नाहीत. मी 'नाही' वर टिचकी मारली. नाव मात्र, सैन्याच्या वस्तूवर सैनिकाचंच असावं म्हणून, एस. मेश्राम असं घातलं.

खोकं आलं तेव्हा घरी कोणी नव्हतं आणि सही लागणार होती. ते कुरियरच्या गोदामात परत गेलं. मी तिथे गेलो तर काउंटरवरचा गृहस्थ म्हणाला, हे एस. मेश्राम यांचं आहे, तुम्ही आर. आहात. मी म्हणालो, एस. माझी मुलगी. तो म्हणाला, मग तिला पाठवा. मी म्हणालो, ती सैन्यात आहे. तो उभा राहिला, तिच्या सेवेबद्दल त्याने माझे मनापासून आभार मानले, आणि खोकं दिलं नाही.

मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. आमच्या टीममध्ये इतका ठाम माणूस एक असता तर अर्ध्या चुका बाहेर गेल्याच नसत्या.

वाट कांतानेच काढली. कांताचं कागदोपत्री नाव शशिकांता. ती लायसन्स घेऊन आली, एस. मेश्राम म्हणून सही केली, आणि त्या गृहस्थाने "मॅडम, जड आहे, कोणी मदतीला देऊ का?" असं विचारेपर्यंत खोकं कमरेवर घेऊन, कळशी न्यावी तशी, दाराबाहेर पडली. तो गृहस्थ तिच्याकडे पाहत राहिला. बहुधा जॅकेट तिच्यासाठीच आहे असं समजला असावा.

आता माझ्यातला टेस्टर जागा झाला. वस्तू घरात आली की तपासल्याशिवाय पुढे द्यायची नाही. शनिवारी सकाळी कांता भाजी आणायला गेली होती. मी सोबत आलेल्या प्लेट आत सरकवल्या आणि पायजमा-बनियनवर ते जॅकेट चढवलं. माप कांताचं आणि पोट माझं, पण दोन्ही बाजूंचे पट्टे ओढून ओढून शेवटी मी ते लावले. ते लागले आणि मग निघेनात. पट्टे पुढच्या फडक्याखाली जाऊन चिकटतात, ते फडकं उचलायला छाती थोडी आत घ्यावी लागते, आणि माझ्या छातीला आत जायला जागाच उरली नव्हती. मला पूर्ण श्वासही घेता येईना. अर्धे अर्धे श्वास घेत मी दार उघडलं आणि समोर संग्रामकडे निघालो.

संग्राम घरी नव्हता. मी त्याच्या दारात उभा राहून बेल वाजवत होतो, आणि जरा हवा मिळावी म्हणून दोन्ही हात डोक्यावर धरले होते. गल्लीतून कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना काय दिसलं असेल ते मी आता समजू शकतो. काळं चिलखत, खाली निळ्या रेघांचा पायजमा, आणि माणूस आधीच शरण आलेला.

पाच मिनिटांत पोलिसांची गाडी आली. एक तरुण अधिकारी उतरला. मी हात खाली घेतले नाहीत. घेता आले नसते असंही नाही, पण घ्यावेसे वाटले नाहीत.

"सर, सगळं ठीक आहे ना?" त्याने लांबूनच विचारलं.

मी अर्ध्या श्वासांत सगळं सांगितलं. मुलगी, नॅशनल गार्ड, मोठं जॅकेट, गळ्याची खळी. त्याने शांतपणे ऐकलं. जवळ आला, एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं.

"सर, मी हात लावला तर चालेल?"

त्याने फडक्याखाली दोन बोटं घातली आणि एका झटक्यात पट्टा सोडवला. जगात इतकी हवा आहे हे मला तेव्हा कळलं. मग त्याने प्लेट बाहेर काढून मला दाखवली. तिच्या एका बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, स्ट्राइक फेस. मी फेस म्हणजे आपल्या तोंडाकडची बाजू असं धरून ती आत ठेवली होती.

"जिकडून गोळी येणार ती ही बाजू," तो म्हणाला. "उलटी घातली तर प्लेट नीट काम करत नाही. आणि ही फार खाली आली आहे. सध्या तुमचा नाश्ता सुरक्षित आहे, सर, बाकी काही नाही."

त्याने माझ्यासमोर दोन्ही प्लेट नीट बसवल्या, खांद्याचे पट्टे कुठून आखूड करायचे ते दाखवलं, आणि जाताना म्हणाला, "लाजू नका. मला माझं नीट बसवायला तीन आठवडे लागले होते." मग तो रस्त्यापलीकडे जाऊन त्या बाईंशी बोलला. बाईंनी मला हात केला. मीही केला. त्यानंतर त्यांचं कुत्रं मला पाहिलं की शेपटी हलवतं, एवढा या प्रकरणाचा फायदा.

ही हकिगत संग्रामला त्याच्या दरवाजावरच्या कॅमेऱ्यात सगळी दिसली. तो हसला नाही, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. तो गंभीर होऊन म्हणाला, "काका, वस्तू घेऊन उपयोग नाही, ट्रेनिंग पाहिजे. पुढच्या वीकेंडला माझा कोर्स आहे. चला."

कोर्स शहरापासून दीड तासावर, मक्याच्या शेतांमधल्या एका मोकळ्या माळावर होता. परवानाधारक नागरिकांसाठी दोन दिवसांचं टॅक्टिकल ट्रेनिंग. मी बंदुकीच्या भागाला नाव दिलंच नव्हतं. पहिला दिवस बिनबंदुकीचा होता तेवढाच घेतला होता. जाताना संग्राम हेल्मेटसकट सगळं अंगावर चढवून आला होता, त्यामुळे त्याला स्वतःच्या पिकअपमध्ये बसता येईना. गाडी मी चालवली. तो शेजारी थोडा तिरका होता.

"थोरला भाऊ फौजेत आहे माझा," तो वाटेत एकदम म्हणाला. "गावी गेलो की त्याच्यासाठी लोक खुर्ची सोडून उठतात. मला विचारतात, आयफोन आणलास का."

आमचा शिक्षक कोणी दाढीवाला पहिलवान असेल अशी माझी कल्पना होती. घडीच्या खुर्चीवर साठीच्या आसपासच्या एक बाई लोकर विणत बसल्या होत्या. मिसेस हॅरिगन. वीस वर्षं सैन्यात मेडिक. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, आम्हा बाराजणांकडे पाहिलं, आणि संग्रामला म्हणाल्या, "बाळा, गेल्या तासाभरात ज्याचा उपयोग झाला नाही ते सगळं काढून इथे ठेव." संग्राम वीस मिनिटं काढत होता. शेवटी ढिगाशेजारी एक बारीक, संकोची माणूस उभा राहिला, त्याला मी सहा वर्षांत प्रथमच पाहत होतो.

मला त्यांनी एक मोठ्या मापाचं जॅकेट दिलं. पहिला धडा असा की पालथं झोपायचं, उठायचं, वीस पावलं पळायचं, पुन्हा झोपायचं. झोपण्याचा भाग मला उत्तम जमला. उठताना लक्षात आलं की पृथ्वीची आणि माझी ओळख आजवर वरवरची होती. मी हातांवर जोर देई, पुढची प्लेट हनुवटीला लागे, मी पुन्हा गवतात. तिसऱ्यांदा मी तोंडात गवत घेऊन पडलो असताना शेजारी त्यांचे बूट दिसले.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "आधी कुशीवर वळा. मग गुडघा. मग श्वास. मग जग."

मी कुशीवर वळलो, गुडघा घेतला, श्वास घेतला आणि उभा राहिलो. बाराजणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी उभा राहिलो म्हणून टाळ्या पडण्याची ही दुसरी वेळ असावी. पहिली मला आठवत नाही, आई सांगायची.

दुपारी टूर्निकेट शिकवलं. म्हणजे हातापायातून रक्त वाहत असेल तर वरच्या बाजूला आवळायचा पट्टा. मी ते स्वतःच्या मांडीला लावताना दोनदा गाठ मारून बसलो. संग्रामने मात्र, ज्याला मी केवळ वस्तूंचा माणूस समजत होतो, त्याने ते एका हाताने, न बघता, बावीस सेकंदांत लावलं, आणि समोरच्या घाबरलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला इतक्या हळुवारपणे शिकवलं की मिसेस हॅरिगननी त्याला विचारलं, "तू पुढच्या वेळी माझा सहायक होशील?"  संग्रामचे कान लाल झाले.

सुट्टीत मी बरोबर आणलेलं खोकं उघडून बाईंना दाखवलं. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, शिवण पाहिली, प्लेट सरळ आहेत हे पाहिलं.

"चांगलं आहे. पण तिला घालता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सैनिकाने सैन्यानेच दिलेलं घालायचं, बाहेरचं चालत नाही. नियम आहे, आणि नियम बरोबर आहे."

महिनाभराची माझी सगळी धडपड त्या गवतावर पडली. मी पाण्याची बाटली उघडून बंद केली.

"पण सैन्याकडे लहान मापाची आहेत," त्या पुढे म्हणाल्या. "आता आहेत. माझ्या वेळी नव्हती. मी अकरा वर्षं पुरुषांच्या मापाचं घातलं. हा उजवा खांदा त्यातच गेला. मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुमच्या मुलीला फक्त स्टोअरच्या सार्जंटकडे जाऊन म्हणायचं आहे, हे मला बसत नाही, दुसरं द्या. ती का म्हणत नाही?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं हे कळेना. सोनल लहान असताना तिचे सगळे कपडे मी वाढत्या अंगाचे घेतले. शाळेचा कोट पहिलीत घेतला तो चौथीपर्यंत, बाह्या दुमडून. बूट पुढे कापूस घालून. ती कुरकुरली की मी एकच शब्द म्हणत असे. अ‍ॅडजस्ट कर. मी नागपुरात तसाच वाढलो, माझे वडील फौजेत तसेच राहिले असतील. मिळालं ते घ्यायचं, वर तक्रार करायची नाही, आणि हीच आपली प्रतिष्ठा. आता त्या मुलीला कोणीतरी दोन मापं मोठं चिलखत दिलं, आणि तिने बाह्या दुमडल्या.

जॅकेट मी मिसेस हॅरिगनना देऊन टाकलं. लहान चणीच्या बायका शिकायला आल्या की त्यांच्याकडे मापाचं काही नसायचं. त्यांनी ते घेतलं आणि माझ्या हातावर नुसतं थोपटलं.

रविवारी सोनलचा फोन आला.

"जॅकेटचं काय केलंस?" मी विचारलं.

"बाबा, अगेन? सगळ्यांचंच लूज असतं. आय अ‍ॅडजस्ट."

"अ‍ॅडजस्ट करू नकोस," मी म्हणालो.

 कांताने पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हू इज धिस?" सोनल म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. मिसेस हॅरिगनचा खांदा सांगितला. पायजम्याचा भाग गाळला. ती "ओके" म्हणाली, पण मुलांचं "ओके" म्हणजे काय असतं ते कोणत्याही बापाला ठाऊक आहे. म्हणून मी रात्रीच्या जेवणाआधीच चार पानी रिपोर्ट लिहायला घेतला. दोष, त्याचं गांभीर्य, दोष कसा दिसून येतो, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम. सोबत एक आकृती जोडली. आकृतीत कांतासारखी दिसणारी एक बाई होती. लाटणं मी वगळलं.

पुढच्या महिन्यात युनिटचा फॅमिली डे होता. मैदानावर हॉट डॉग, मुलांसाठी उड्या मारायचा फुगा, आणि सगळीकडे इतके उंच तरुण की आम्हाला दोघांना सतत सावलीतच असल्यासारखं वाटत होतं. सोनल भेटली, आईला मिठी मारली, माझ्या हातातली फाइल पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, नो. व्हॉट इज दॅट?"

"काही नाही. चार पानं."

मी विचारत विचारत स्टोअरच्या खिडकीशी पोचलो. तिथले सार्जंट चष्म्यातून वर पाहत होते. मी फाइल पुढे केली. त्यांनी खरोखर चारही पानं वाचली. कोणी आपला रिपोर्ट पूर्ण वाचतं आहे हा अनुभव मला नोकरीत कधी आला नव्हता, त्यामुळे मी थोडा भारावून उभा होतो.

"सर, काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ती मंगळवारीच येऊन गेली. या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, हे मला बसत नाही. माझ्याकडे तिचं माप शिल्लक नव्हतं. मी म्हणालो, सध्या हेच चालव. ती म्हणाली, नाही सार्जंट, मी थांबते. दोन तास त्या बाकावर बसून होती. मग मी दुसऱ्या गावाहून मागवलं." त्यांनी फाइल परत केली. "आकृती मी ठेवून घेतली तर चालेल?"

मागे वळलो तर सोनल उभी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आय वॉज गोइंग टु टेल यू."

मी काही म्हणणार तोच मैदानावर शिटी वाजली. मेडिक लोकांचं प्रात्यक्षिक होतं आणि घरच्यांपैकी एक जखमी हवा होता. सोनलच्या तुकडीचा प्रमुख, सार्जंट बोवेन नावाचा सव्वासहा फुटी माणूस, कोणी तयार आहे का विचारत होता. कोणी पुढे येईना. कांताने मला कोपराने ढकललं. मी दोन पावलं पुढे गेलो ते ढकलल्यामुळे, पण मैदानाने तो होकार धरला.

मला एक मोठं जॅकेट घालून पलीकडच्या टोकाला झोपवलं. धुराचा एक डबा फुटला. आणि त्या पांढऱ्या धुरातून माझी मुलगी पळत आली. खांद्यावर पिशवी, डोक्यावर हेल्मेट, आणि ते जॅकेट तिच्या अंगावर असं बसलं होतं की जणू तिचंच होतं. माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि परक्या आवाजात म्हणाली, "सर, मी मेडिक आहे. माझ्याकडे बघत राहा."

मी बघतच होतो. तिने माझ्या मांडीला पट्टा आवळला, असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा वर बघून कोणाला तरी हुकूम दिला आणि तो तिच्या दुप्पट माणूस तिकडे पळाला. मग माझ्या मानेमागची कडी धरली, मागे झुकली, आणि मला ओढायला लागली. ऐंशी किलो मी, वर बारा किलोचं चिलखत. माझ्या टाचा गवतात दोन चर पाडत होत्या. वर आकाश सरकत होतं, आणि मध्ये तिचा लाल झालेला, दात आवळलेला चेहरा उलटा दिसत होता. ती एकदाही थांबली नाही. तीस यार्ड. मी आयुष्यभर तिला बोट धरून नेलं असं समजत होतो, आणि मला कोणी नेतंय यात इतकं बरं वाटेल याची मला कल्पना नव्हती.

रेषेपलीकडे पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती धापा टाकत माझ्याशेजारी बसली आणि आमच्या मराठीत म्हणाली, "बाबा, भात कमी करा."

तीन आठवड्यांनी ते निघाले. सकाळी दहाची वेळ, ऊन पडलेलं, दोन बसगाड्या उभ्या. कांताने डबा दिला, तो सोनलने नियमात बसतो का न विचारता बॅगेत कोंबला. आम्ही जय भीम केलं, ती वाकली, आणि गर्दीत गेली. मी मोठ्या निर्धाराने कोरडा उभा होतो. तेवढ्यात सार्जंट बोवेन आमच्याकडे आला. तो धीर द्यायला येतोय असं वाटून मी तयारीत राहिलो.

"सर, मॅम, एक विचारू?" तो म्हणाला. "स्वतःचं जॅकेट बदलून घेतल्यावर हिने आख्ख्या तुकडीला रांगेत उभं करून प्रत्येकाचं तपासलं. अकरा जणांचं चुकीचं निघालं. त्यात मी एक. मी सोळा वर्षं ते तसंच घालतोय. म्हणाली, सार्जंट, ते तुम्हाला बसत नाही, मी थांबते." त्याने मान हलवली. "ती घरीसुद्धा अशीच असते का?"

 

"घरी जास्त," कांता म्हणाली.

"छान," तो म्हणाला. आम्हाला सलाम केला आणि बसमध्ये चढला.

बसच्या काचा काळ्या होत्या. सोनल कोणत्या खिडकीत आहे ते कळेना. म्हणून आम्ही दोघं पहिल्या बसच्या पहिल्या खिडकीपासून हात हलवायला लागलो आणि बस पुढे सरकत गेली तशी एकेक खिडकी घेत गेलो. दुसऱ्या बसलाही तसंच. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी थोडा थांबलो.

"हलवा," कांता म्हणाली. "कोणत्यातरी खिडकीत असेलच."